वसंतातली रानफुलं : नव्या गावाशी नाळ जोडण्यासाठी

चैत्रपालवी
नव्या शहरात किंवा नव्या देशात बिऱ्हाड थाटलं की रस्ते महिनाभरात पाठ होतात, पण ती जागा आपली वाटायला वर्षं लागतात. माझं ठाम मत आहे की हे अंतर सगळ्यात लवकर कापून देतात ती वसंतात परत येणारी रानफुलं. बागेतले ट्युलिप कोणीतरी लावलेले असतात. रानफूल आपणहून येतं, त्याच ठिकाणी येतं, आणि वर्ष कितीही वाईट गेलेलं असो, येतंच. दुसऱ्या वर्षी तेच फूल त्याच खोडाशी दिसलं की मनाला केवढा आधार मिळतो, हे अनुभवणाऱ्यालाच कळेल.

प्रश्न असा : मी सध्या टोरांटोच्या बाजूला आहे, पण उत्तरं कुठलीही चालतील. जागा कशी निवडायची, काय टिपून ठेवायचं, घरी लावायचं की नाही, आणि लोक हमखास कुठे चुकतात? इथल्या जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

हेमलॉक
एकच जागा धरा आणि लहान धरा. घरापासून पायी जाता येईल असा, पानझडी झाडांखालचा, शक्यतो ओढ्याकाठचा उतार. मेपल, बीच, ओक यांच्याखाली शोधा, पाइनच्या दाट सावलीत फारसं काही मिळत नाही. जुनं, कधी नांगर न फिरलेलं रान असेल तर उत्तम. एकदा शेती होऊन गेलेल्या जमिनीत झाडं पुन्हा वाढतात, पण ही फुलं परतायला फार काळ जातो, कारण यातल्या बऱ्याच फुलांच्या बिया मुंग्या वाहून नेतात. बीला चिकटलेला तेलकट तुकडा मुंग्या खातात आणि बी वारुळाच्या उकिरड्यावर टाकतात. मुंगी नेऊन नेणार किती लांब?

वेळेचं गणित समजून घ्या. बर्फ वितळल्यापासून वरच्या झाडांना पानं फुटेपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे जमिनीवर ऊन पडतं. तेवढ्यात फूल, फळ आणि पुढच्या वर्षाची कंदातली शिदोरी, सगळं उरकायचं असतं. म्हणून "पुढच्या रविवारी जाऊ" म्हणणाऱ्याचा ब्लडरूट हमखास हुकतो. त्याच्या पांढऱ्या पाकळ्या दोन-चार दिवसांत गळतात, जोराचा पाऊस आला तर त्याआधीच.

क्रम साधारण असा. सगळ्यात आधी पाणथळ जागी स्कंक कॅबेज. हे फूल स्वतः उष्णता तयार करतं, बाहेर शून्याखाली तापमान असताना त्याचा आतला कणा २० अंशांच्या आसपास राहतो आणि भोवतालचा बर्फ वितळतो. मग हिपॅटिका, ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी. त्यानंतर ट्राउट लिली, आणि एप्रिलअखेर ते मे महिन्यात ट्रिलियम.

ट्राउट लिलीचं एक सांगतो. ठिपकेदार पानांचा गालिचा दिसेल आणि फुलं मोजकीच असतील. निराश होऊ नका. एकाच पानाचं रोप फुलत नाही, दोन पानं आली की त्या रोपाला फूल येतं. एखादा ताटवा शेकडो वर्षांचा असू शकतो. आपल्या आधी कितीतरी पिढ्यांनी तो पाहिलेला असतो, आणि मला तरी यातच सगळ्यात जास्त धीर मिळतो.

अबोली_जी
वाचनखूण साठवली. स्कंक कॅबेजचं माहीतच नव्हतं!

निरगुडी
सुंदर धागा. पण महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी : आपल्याकडे हे चित्र उलटं आहे. वसंतात आपली जमीन कोरडी ठाक असते, फुलतात ती झाडं. जमिनीवरची फुलं पहिल्या पावसानंतर येतात आणि कासचं पठार तर ऑगस्ट-सप्टेंबरात रंगतं. म्हणजे माघ ते वैशाख मान वर करून चालायचं.

पानं गळून फांद्या उघड्या पडतात तेव्हाच काटेसावर, पांगारा, पळस फुलतात. लाल-केशरी फुलं निष्पर्ण झाडावर लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर त्यांच्यावर तुटून पडतात. परागीभवनाचं मोठं काम हेच पक्षी करतात. म्हणून जागा निवडताना फुलाच्या आधी पक्ष्यांचा गलका ऐका. सकाळी सात ते नऊ या वेळात सावरीखाली उभं राहिलं की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

उतारावर खाली पाहायचं असेल तर धायटी. पुरुषभर उंचीचं झुडूप, कमानदार फांद्यांवर लालभडक नळीसारखी फुलं, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवताना हीच फुलं घालतात. पुढे मार्च-एप्रिलात महाबळेश्वराकडे अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या होतात, आणि मग बहावा.

पुणेकरांनी एक चूक टाळावी. टेकड्यांवर फेब्रुवारीत गुलाबी फुललेलं दिसतं ते बहुतेक गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळ मध्य अमेरिकेतलं, वनीकरणात लावलेलं. त्याच टेकडीवर मेडशिंगी, सालई, पांगारा शोधा. मेडशिंगी पांढरी, रात्री उमलणारी, एप्रिलपासून पुढे. सकाळी झाडाखाली पडलेल्या फुलांवरून झाड सापडतं.

दत्ता_करवीर
उंदीरमारीनं काय घोडं मारलंय? लोकांना ती फुलं पाहून आनंद होतो की. चैत्रपालवी ताईंचा प्रश्न आपलेपणाचा आहे, झाडाच्या जन्मदाखल्याचा नाही.

निरगुडी
दत्तादादा, आनंद घ्यायला कोणाचीच ना नाही. आक्षेप एवढाच की तिच्या दाट गर्दीत खालचं गवत आणि मूळची झुडपं मागे पडतात, आणि मग परत यायला दुसरं काही उरतच नाही. पाहताना दोन्ही पाहावं. लावताना मात्र इथलंच लावावं.

मोहगाव
विदर्भातून लिहितो. पळसाबद्दल दोन ओळीत भागवलंत, तसं चालायचं नाही 🙂

पळस फुलायच्या आधी फांदीवर काळपट मखमली कळ्यांचे घोस येतात. तेव्हापासून जायला लागा. कळी दिसल्यापासून ऐन बहरापर्यंत झाड रोज बदलतं. फुलं तोडायची अजिबात गरज नाही, झाडाखाली सकाळी सडा पडलेला असतो. होळीच्या रंगासाठी अर्धा किलो ताजी गळालेली फुलं घ्या. देठाकडची काळी वाटी काढून टाका, ती राहिली तर रंग मळकट येतो. तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि फडक्यातून गाळा. पिवळा रंग मिळतो. चिमूटभर खायचा चुना विरघळवला की तो नारिंगीकडे झुकतो. चुना जास्त झाला तर कातडी चुरचुरते, तेव्हा चिमूट म्हणजे चिमूटच. लोखंडी कढई नको, रंग काळवंडतो. उन्हाळ्यात हे पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून फुलं सावलीत सुकवून ठेवावीत आणि लागेल तसा रंग काढावा.

पळस लावायचा असेल तर शेंग एप्रिल-मेमध्ये पिकते. शेंग चपटी, तिच्या टोकाला एकच बी. हे बी फार टिकत नाही, त्याच पावसाळ्याच्या तोंडावर पेरा. सोटमूळ पटकन खोल जातं, त्यामुळे छोट्या पिशवीत वाढवलं की मूळ गुंडाळतं आणि पुढे झाड खुरटतं. एक तर थेट जागेवर टोकावं, नाहीतर फूटभर उंच पिशवी घ्यावी. आणि धीर धरा, फुलायला बरीच वर्षं घेतो.

मोहाचं वेगळंच. फुलं पहाटे टपटपतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग पुढे रानात शिरते. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर आगीची गरजच उरत नाही, आणि फुलंही स्वच्छ मिळतात.

टेम्सकाठ
इंग्लंडमधल्या मंडळींसाठी. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ब्लूबेल. जगातल्या या फुलांपैकी जवळपास निम्मी ब्रिटनमध्ये आहेत. लंडनमधून दूर जायला नको असेल तर क्यू गार्डन्समध्ये क्वीन शार्लट्स कॉटेजभोवतीचं रान, आणि जरा लांब चालत असेल तर हर्टफर्डशरमधलं ॲशरिज.

अस्सल इंग्लिश ब्लूबेल आणि बागेतून पळालेला स्पॅनिश, यांत फरक करायला शिका. इंग्लिशचा दांडा एका बाजूला झुकलेला, फुलं अरुंद आणि टोकं मागे वळलेली, पराग मलईच्या रंगाचे, वास गोड. स्पॅनिशचा दांडा ताठ, फुलं सगळ्या बाजूंनी, पान जवळजवळ दुप्पट रुंद, पराग निळसर, वास नावालाच. शंका आली तर ताज्या उमललेल्या फुलात पराग पाहा. दोघांचा संकर सगळीकडे झालाय, त्यामुळे मधलीच लक्षणंही दिसतील.

सगळ्यात मोठं नुकसान फोटोंपायी होतं. ताटव्यात बसून फोटो काढायचा म्हणजे पानं चिरडायची. पान गेलं की कंदाला अन्न मिळत नाही, आणि तुडवलेली वाट भरून यायला वर्षं लागतात. वाटेवरच उभं राहून, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून काढा. ताटवा उलट जास्त दाट दिसतो. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातले कंद उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

सडावाट
निरगुडी, "वसंतात जमीन कोरडी ठाक" हे पूर्ण खरं नाही हं. कोकणात या.

भुईचाफा! ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून पांढरं-जांभळं सुवासिक फूल वर येतं. एक फूल दिवसभरच टिकतं, पण एका गड्ड्यातून एकामागून एक येत राहतात. पानं पावसाळ्यात येतात आणि हिवाळ्यात वाळतात. आणि उघड्या कातळावर रानकांदा : गुडघ्याएवढा नुसता दांडा, त्यावर बारकी फुलं, पानांचा पत्ता नाही. कंदातलं साठवलेलं पाणी आणि अन्न यांवर हे सगळं चालतं.

भुईचाफा घरी सहज जमतो. रानातून खणू नका, कोकणात कितीतरी परसांत आहे, शेजाऱ्याकडून गड्डा मागा. दहा-बारा इंची पसरट कुंडी. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा पानांचं कुजलेलं खत, एक भाग जाडी वाळू. गड्डा दोन इंच खोल. जागा अर्धसावलीची. पानं वाळली की पाणी पूर्ण बंद. इथेच बहुतेकांचं बिघडतं : कुंडी रिकामी दिसते म्हणून लोक पाणी घालत राहतात आणि गड्डा कुजतो. नाहीतर झाड मेलं म्हणून माती ओतून टाकतात. कुंडीवर नावाची पट्टी खोचून ठेवा. फेब्रुवारीअखेर हलकं पाणी सुरू करा. दोन-तीन वर्षांनी गड्डे विरळ करा.

अबोली_जी
बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस येतो म्हणतात. ते टिपून ठेवावं का?

मोहगाव
आमच्याकडे जुनी माणसं बहाव्यावरून पावसाचा अंदाज बांधतातच. मला तरी त्यात तथ्य वाटतं.

निरगुडी
मला नाही वाटत. बहावा एप्रिलच्या मध्यात फुलायला लागला आणि मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या आसपास आला की ४५ दिवस आपसूक भरतात, पण मुंबईत त्याची सरासरी तारीख ११ जून. कुठला बहावा आणि कुठला पाऊस, हे ठरवल्याशिवाय मोजणार काय? शिवाय एकाच रस्त्यावरची दोन झाडं पंधरा दिवसांच्या फरकाने फुलतात. मुळाशी पाणी आहे का, सिमेंट आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

टिपायचंच असेल तर एकच झाड ठरवा, आठवड्याचा एकच वार ठरवा, आणि चारच गोष्टी लिहा : कळ्या, उमललेली फुलं, फळं, नवी पालवी. प्रत्येकापुढे "नाही, थोडं, भरपूर" यांपैकी एक. फूल नसेल तेव्हाही "नाही" लिहायचं. ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी सुरुवात नक्की कधी झाली ते कळत नाही. सीझनवॉच या प्रकल्पात अशाच साप्ताहिक नोंदी देशभरातून घेतात, तिथे झाड नोंदवता येतं. आणि तारीख इंग्रजी लिहा. तिथी सोबत लिहायला हरकत नाही, पण अधिक महिन्यामुळे तुलना घसरते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. "चैत्रात फुलला" म्हणजे कधी, हे दरवर्षी वेगळं.

मोहगाव
तारखांचं पटलं. बहाव्याचं नाही 🙂 पाच-सात वर्षांच्या नोंदी झाल्या की पुन्हा बोलू.

चैत्रपालवी
किती छान माहिती! ट्रिलियम अंगणात लावता येईल का? इथे ते प्रांताचं फूल आहे, त्यामुळे फार ओढ वाटते.

हेमलॉक
हो, १९३७ पासून ते ओंटारियोचं फूल आहे. लावता येईल, पण बियांपासून म्हणाल तर सात ते दहा वर्षं. बी पेरल्यावर पहिल्या वसंतात फक्त मूळ फुटतं, वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या वसंतात एक बारीक पान. बी सुकू द्यायचं नाही, फळ पिकल्यावर लगेच पेरायचं. घाई असेल तर स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेतून आणा, पण आधी विचारा : "तुम्ही बियांपासून वाढवलंय का?" नुसतं "आमच्याकडे वाढलंय" हे उत्तर पुरेसं नाही, कारण रानातून खणून एक हंगाम कुंडीत ठेवलेलंही तसंच सांगून विकतात. भाव फारच स्वस्त असेल तर संशय घ्या.

रानातलं तोडू नका. ट्रिलियमची तिन्ही पानं फुलाच्या लगेच खाली असतात, फूल खुडताना तीही जातात आणि वर्षभराचं अन्न बनवणारं काही उरत नाही. पांढरं फूल जुनं झालं की गुलाबी पडतं, ती वेगळी जात नाही.

"रानफुलांचं मिश्रण" अशा पाकिटांपासून लांब राहा. त्यात बऱ्याचदा भलत्याच खंडातली वर्षायू फुलं असतात. मागच्या यादीत शास्त्रीय नावं नसतील तर घेऊच नका.

लावण्यापेक्षा उपटणं जास्त उपयोगी. गार्लिक मस्टर्ड नावाचं युरोपातून आलेलं तण या फुलांची जागा बळकावतं. पानं चुरगळली की लसणाचा वास. पहिल्या वर्षी जमिनीसरशी गोल पानं, दुसऱ्या वर्षी उंच दांडा आणि चार पाकळ्यांची पांढरी फुलं. पाऊस पडून गेल्यावर, शेंगा धरायच्या आत, बुंध्याशी धरून मुळासकट ओढा. मूळ वरच्या बाजूला वाकडं असतं, तिथे तुटलं तर पुन्हा फुटतं. उपटलेलं तिथेच टाकू नका, फुललेलं रोप उपटल्यावरही बी धरू शकतं. पिशवीत भरून न्या. बी जमिनीत पाच वर्षं आणि अधिकही टिकतं, म्हणून त्याच तुकड्यावर दरवर्षी यावं लागतं. उद्यानाच्या जागेत मात्र आधी परवानगी, किंवा त्यांच्या स्वयंसेवकांबरोबर जा. नव्या गावात माणसं जोडायचीही हीच उत्तम जागा आहे.

दत्ता_करवीर
हे आवडलं. नुसतं पाहण्यापेक्षा तिथे हात लावून काही केलं की जागा खरी आपली होते.

टेम्सकाठ
अमेरिका-कॅनडातल्यांना एक सूचना : तिकडे जमिनीलगत तीन-तीन पानं दिसली की पळस आठवून प्रेमाने हात लावू नका 😄 अंगाला खाज आणि फोड आणणारी पॉयझन आयव्ही असू शकते. हेमलॉक, ओळख सांगा ना.

हेमलॉक
बरोबर. पॉयझन आयव्हीत मधल्या पानाचा देठ लांब आणि बाजूच्या दोघांचे अगदी आखूड, वसंतातली कोवळी पानं लालसर चकचकीत. ट्रिलियमची तिन्ही पानं एकाच बिंदूतून, सारखी, मधोमध फूल. अंगाला लागलंच तर लगेच साबण आणि गार पाण्याने चोळून धुवा. आणि गोचिडी! पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, जळती काडी असले प्रयोग नकोत.

अबोली_जी
आईबाबा उन्हाळ्यात सहा महिने न्यू जर्सीत एडिसनला येतात. गुडघ्यांमुळे उतार-चढ जमत नाही, आणि परक्या ठिकाणी दिवस खायला उठतो. त्यांच्यासाठी काही?

हेमलॉक
एडिसनहून पेनसिल्व्हेनियातलं बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह हे रानफुलांचं राखीव रान गाडीने तासाभराच्या आसपास. १९३४ पासूनचं आहे, वाटा आखलेल्या आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हर्जिनिया ब्लूबेल पाहा, कळी गुलाबी आणि उमलताना निळी. पण एकदाच नेऊन आणलं की त्यांचा दिवस जातो, महिना नाही. घराजवळच्या पार्कात एक बाक शोधा, त्याच्यापासून दहा पावलांत दिसणारी फुलं हीच त्यांची. आठवड्यातून दोनदा तिथेच. आठ बाय बेचाळीसची (आठपट जवळ दाखवणारी) दुर्बीण असेल तर बसल्या जागी चालतं.

सडावाट
आणि आईंना वही द्या, नोंद त्यांनाच ठेवू दे. आपल्याकडची आणि तिथली, एकाच पानावर दोन रकाने. सोसायटीतल्या कोणाला तरी फोन करून विचारायचं, "आपला बहावा कुठवर आलाय?" दोन्हीकडची नाळ शाबूत राहते.

अबोली_जी
फारच छान कल्पना, सडावाट. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे पहिलं वर्ष : एक उतार, एक वार, चार नोंदी, आणि लावायची घाई नाही. शेवटचं एक विचारते. अंगणात मेपलखाली थोडी मोकळी जागा आहे. शरद ऋतूत तिथली पानं झाडून काढायची की राहू द्यायची?

हेमलॉक
राहू द्या. हीच मुख्य गोष्ट. या फुलांना कुजक्या पानांचा भुसभुशीत थर लागतो. हिमयुगानंतर तुमच्या भागात मूळचे गांडूळ जवळजवळ उरलेच नाहीत. आता दिसतात ते बाहेरून आलेले, आणि ते हा थर फस्त करतात. आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, इथल्या रानात मात्र तसं नाही. त्यामुळे मासेमारीचे उरलेले गांडूळ तिथे सोडू नका आणि बाहेरची माती आणताना तपासून घ्या. पानं चार-पाच इंचांपेक्षा जास्त साचली तर थोडी बाजूला करा, मेपलची ओली पानं एकावर एक चिकटून कोंब अडवतात. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे काय उगवतंय ते आधी बघा, काही वेळा लावायच्या आधीच काहीतरी असतं. फोटो इथेच टाका, ओळखून देतो.